अंधाराचा सराव

मुक्तानं पुण्याहून फोनवर यादी पाठवली आहे. लोकरी मोजे तीन जोड, आतून घालायचे गरम कपडे, कानटोपी, तांबड्या उजेडाची बॅटरी. खाली लिहिलंय, 'आई, जानेवारी पक्का. नॉर्वेला जाऊन ध्रुवाकडचे दिवे बघायचे.' माझ्या लेकीला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे. ती कोणावर गेली हे मला ठाऊक आहे.

इकडे धुळ्यात थंडी उतरली की संध्याकाळी गच्च्यांवर भरताची वांगी भाजायला सुरुवात होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांचा धूर खिडकीतून आत येतो. लोकांना त्या धुरानं भूक लागते. मला त्याच्यामागून दुसराच एक वास येतो, जुन्या बारदानाचा, आणि मी उठून घरातले सगळे दिवे लावते. शेजारच्या वहिनी म्हणतात, "मॅडम, तुमच्याकडे रोजच दिवाळी." म्हणोत बापड्या.

ध्रुवाच्या दिव्यांची ही सहल आमच्या घरात पूर्वी एकदा आखून झालेली आहे. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात, चाळीसगावात, पत्र्याच्या दोन खोल्यांत. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि आमच्यापैकी कोणीही भुसावळच्या पलीकडे गेलेलं नव्हतं.

चाळीसगावचा हिवाळा तेव्हा पांढरा असायचा. बर्फाशी आमचा संबंध गोळ्यापुरता; पांढरा तो कापसानं. दसरा झाला की कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. रुईचे तंतू हवेत उडून विजेच्या तारांना, बाभळीच्या काट्यांना, झोपलेल्या कुत्र्यांच्या पाठींना चिकटायचे. माझे वडील, नाना, तिथे ग्रेडर होते. गाडीत आलेल्या कापसाची प्रत ठरवायचं काम. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा, निघालेला धागा काळ्या फडक्यावर ठेवून डोळ्यांजवळ न्यायचा आणि प्रत सांगायची. त्यावर फारसं कोणी वाद घालत नसे. "नानांनी पाहिलं ना, मग झालं," असं म्हणून गाडी पुढे हाकली जाई. नानांची नजर हाच आमच्या घराचा मान होता आणि तेच पोटपाणी.

हे नजरवाले नाना दिवेलागणीच्या आत घरी असत. लग्न असो, मयत असो, शेतात भरताचा बेत असो. मित्र त्यांना चेष्टेनं 'कोंबडी' म्हणत, कारण कोंबड्याही अंधार पडायच्या आत डालग्यात शिरतात. नाना हसत आणि घराकडे वळत. घरी आले की पाटावर बसत ते झोपेपर्यंत उठत नसत. आई पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात देई, समोर ठेवत नसे. मला वाटे, नवऱ्याचे लाड. आपल्याला लहानपणी किती कमी कळत होतं, याचा मला पुढे फार राग आला.

त्या वर्षी वाचनालयातून आणलेल्या एका मासिकात ध्रुवाकडच्या उजेडावर लेख होता. रविवारी सकाळी ओट्यावर उन्हात बसून नानांनी तो वाचला, परत वाचला, मग मला मोठ्यानं वाचायला लावला. तिकडे हिवाळ्यात आकाशातून हिरवट पडदे लोंबतात, हलतात, विरतात, पुन्हा येतात. आवाज काही नाही. मी वाचत होते आणि नानांचा चेहरा बदलत चालला होता. लेख संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे हे तिथे सगळ्यांना दिसतं? उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना, एकाच वेळी?"

"हो. फोटोसुद्धा काढतात," मी म्हणाले.

"फोटोत येतं," नाना स्वतःशीच म्हणाले आणि बराच वेळ समोरच्या उन्हाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उत्तर'. आई सोनगीरकडची, घरात सगळं अहिराणीतच बोलायची. तिनं वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "पोरीनी परीक्षानं उत्तर तुम्हीच लिखतस का आते?" उत्तर म्हणजे दिशा, हे तिला समजावता समजावता नानांची पुरेवाट झाली. समजल्यावर तर ती आणखी चिडवायला लागली. "तठे भरीत कोन देई तुम्हले? आनि दिवाच देखना शेतस ना, तं मी दोन लावी देस."

नानांनी चिडवणं मनावर घेतलं नाही. त्यांनी दिल्लीतल्या नॉर्वेच्या वकिलातीला पत्र लिहिलं, नकाशा मागवला, पासपोर्टचा अर्ज आणला. महिन्याभरानं वकिलातीकडून खरोखरच एक गुळगुळीत पुस्तिका आली. तिच्यात त्या उजेडाचा रंगीत फोटो होता. खाली काळी झाडं, वर हिरवं काहीतरी सांडलेलं. नानांनी तो फोटो डोळ्यांपुढून इकडून तिकडे सरकवत पाहिला, किल्लीच्या भोकातून खोली बघावी तसा. मग म्हणाले, "असंच. अगदी असंच." पूर्वी कुठे पाहिलंय, असं मी विचारलं तर त्यांनी पुस्तिका मिटली.

वहीच्या तिसऱ्या पानावर 'अंधार' असं लिहिलेलं होतं. त्या देशात हिवाळ्यात दीड-दोन महिने सूर्य उगवतच नाही. नाना म्हणाले, "नंदू, थंडीचं काय, दोन घोंगड्या जास्त घेऊ. अंधाराची सवय मात्र आधीपासून करायला पाहिजे." म्हणून दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की ते आतल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांवर बारदान ठोकत. दार लोटून घेत. दाराखाली दोन बोटांची फट होती, ती मुद्दाम उघडी ठेवत. बाहेर लख्ख ऊन, आई अंगणात डाळ निवडतेय, आणि आत आम्ही दोघं ध्रुवावर.

"थोडं थांब. डोळे सरावतील," नाना म्हणत. "मग सांग, काय काय दिसतं."

मी थांबायची. काहीच दिसायचं नाही. दाराखाली एक पिवळी रेघ, बाकी सगळं काळं. बारदानाला सरकीच्या तेलाचा आणि उंदरांचा वास यायचा. नानांचा आवाज कोपऱ्यातून आला असं वाटावं आणि त्यांचा हात एकदम माझ्या डोक्यावर पडावा. ते चालायचे तेव्हा पाय कशालाही लागायचा नाही. पेटी, पिंप, शिवणयंत्र, सगळ्यांना बरोबर वळसा. मी पावलोपावली ठेचकाळायची. चालताना ते पावलं मोजत पुटपुटायचे, तेवढंच ऐकू यायचं. त्या पुटपुटण्याची मला फार भीती वाटे. खोलीत तिसरं कोणीतरी आहे आणि नाना त्याच्याशी हळू आवाजात बोलताहेत, असं वाटून मी भिंतीला पाठ लावून बसायची.

एका रविवारी ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "ते बघ. आलं. डावीकडे, वर. हिरवं आहे ना? हलतंय."

मी डोळे फाडून बघितलं. "काही नाही, नाना."

"नीट बघ."

"नाहीच काही."

ते अगदी सावकाश म्हणाले, "तुला दिसत नाही. मग तिकडेच जायला पाहिजे. चार माणसांच्यात उभं राहून विचारायला पाहिजे, तुम्हालाही दिसतंय का म्हणून." त्या दिवशी मी खोलीतून बाहेर पळाले आणि आईच्या पदराला हात पुसत उन्हात उभी राहिले, तरी अंगावरचा काटा जाईना.

पुढच्या रविवारी आई सुई शोधायला आत आली. दार लोटलं, जरा उभी राहिली आणि सरळ जाऊन यंत्रावरची सुई उचलली. "कसाना अंधार? बठ्ठं तं दिखस आठे," असं म्हणून निघूनही गेली. आम्ही दोघं जागच्या जागी बसून राहिलो. मग नाना म्हणाले, "नंदू, मी हात वर केलाय. किती बोटं?"

मी म्हणाले, "दोन."

"पुन्हा बघ."

"चार?"

"पुन्हा." त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागावले. "नीट बघ गं. अंधारात दिसतं त्यालाच तिकडे नेतात."

मला तर जायचंच होतं. वर्गात सगळ्यांना सांगूनही झालं होतं. आईला दिसतं ते मला दिसत नाही म्हणजे माझाच सराव कमी, असा मी त्याचा अर्थ लावला आणि शाळेतली पोरं करतात तेच केलं. शनिवारी कंपासच्या टोकानं मी बारदानाला एक भोक पाडलं. नाना पेटीवर बसत, त्यांच्या पाठीमागे, वरच्या अंगाला.

रविवारी त्या भोकातून उन्हाची बारीक काडी आत आली. तिच्यात रुईचे तंतू पोहत होते. ती नानांच्या खांद्यावरून येऊन त्यांच्या उचललेल्या हातावर पडली. बोटं दिसली, नखं दिसली, बोटातली अंगठीही दिसली. चोरी पकडली जाणार म्हणून मी भिंतीशी सरकले. नाना त्या हाताकडेच तोंड करून बसले होते. म्हणाले, "आता अगदी मिट्ट आहे ना? सांग, किती?"

त्यांचा हात उजेडात होता आणि त्यांना तो दिसत नव्हता.

"तीन," मी म्हणाले.

बोटं बदलली. "पाच." पुन्हा बदलली. "एक."

नानांनी मला ओढून जवळ घेतलं. त्यांची छाती धडधडत होती आणि ते हसत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मला मात्र त्यांच्या कुशीत थंडी वाजत होती. ज्या माणसाला अख्खा बाजार 'नजर' म्हणून ओळखतो, त्याच्या नजरेला झालंय तरी काय, हे कोणाला विचारावं ते कळत नव्हतं. विचारलं असतं तर भोक सांगावं लागलं असतं.

मार्गशीर्षात अक्का आली, नानांची थोरली बहीण. तिला मी निम्मं सांगितलं. भोकाचं नाही, नानांना भिंतीवर हिरवे दिवे दिसतात एवढंच. अक्कानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "पालखीना दिवा शेतस त्या. वेताळनी पालखी. बोट बी नको दखाडू तिकडे." मग, चुलीशी पीठ मळत असलेल्या आईकडे न बघता, म्हणाली, "आपला बाप बी असाच व्हता. संध्याकाय व्हयनी का उंबरठाबाहेर पाय ठेवे नही. शेवटले तं भरदुपारले भित चाचपे."

आई हातातलं पीठ तसंच ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

दिवेलागणीला अक्कानं नानांना पाटावर बसवलं. मुठीत मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या आणि त्यांच्यावरून उतरवायला लागली. आल्यागेल्याची, भुताखेताची, बाजारातल्या मत्सरी माणसांची, जिची तिची दृष्ट निघून जाऊ दे, असं ती म्हणत होती. नानांनी तिचं मनगट धरलं. ते हसतच म्हणाले, "अक्का, ऱ्हावू दे. शे तितली ऱ्हावू दे. काढू नको."

अक्काला आधी कळलंच नाही. आईला कळलं. दृष्ट म्हणजे वाईट नजर, हे सगळ्यांना माहीत होतं. नाना आपल्या डोळ्यांतल्या उरलेल्या नजरेबद्दल बोलत होते. चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा ठसका लागून आम्ही सगळेच खोकलो, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही ते कळलं नाही. तांब्या हातात देणारी आई एवढी वर्षं बरंच काही ओळखून होती, आणि तरीही हे असं तोंडानं बोललेलं तिनं त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नानांच्या डोळ्यांत थेंब घातले, बॅटरी मारून खूप वेळ पाहिलं. म्हणाले, "डोळ्याच्या मागचा पडदा वाळत चाललाय. रातांधळेपणापासून सुरू होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं. वडिलांना होतं का?"

"होतं," नाना म्हणाले. "आणि ते हिरवं दिसतं, ते?"

"तेही त्याच पडद्याचं. मरता मरता तो आपणच चमकतो. दुसऱ्या कोणाला दिसायचं नाही ते."

"फोटोत येणार नाही?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, पेशंट गमतीचा आहे. मग माझ्याकडे वळले. "घराण्यातून येतं हे. ये बेटा इकडे, तुझेही डोळे बघू."

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तिची काळजी नाही, डॉक्टरसाहेब. तिचं मी तपासलंय. मिट्ट अंधारात बोटं मोजते पोरगी."

तेव्हा मला सगळं एकदम समजलं. बारदान, दाराखालची फट, किती बोटं. ध्रुवाची तयारी तर ते करत होतेच, आंधळेपणाचीही करत होते, आणि त्या सगळ्याच्या आडून दर रविवारी माझे डोळे तपासत होते. नानांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पोर पहिली आल्याचा आनंद होता. मी तोंड उघडलं नाही. मला न तपासताच परत आणलं. गाडीत नाना खिडकीशी बसले होते. बाहेर कापसाची शेतं काळोखात बुडत होती आणि ते तिकडे बघत असल्यासारखं तोंड करून होते.

त्या वर्षीचा हिवाळा तिथेच संपला म्हणायचा. वही पेटीत गेली, अर्ज तसाच राहिला, खिडक्यांवरचं बारदान आईनं उपसून काढलं. नानांनी पुढे सात-आठ हंगाम कापसाची प्रत लावली. निम्म्याहून जास्त काम बोटांच्या जोरावर. काळ्या फडक्यावरचा धागा डोळ्यांजवळ न्यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही, दिसेनासं झाल्यावरही. फाटकाशी उभं राहून मी ते बघत असे.

मी गणिताची शिक्षिका झाले. दुपारची शाळा कधी घेतली नाही. संध्याकाळची लग्नं टाळली, स्कूटर शिकले नाही, घरकोंबडी म्हणून नाव मिळवलं. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नसेल असं कोणी समजू नये. माणसाला जे कळून घ्यायचं नसतं ते तो डोळ्यांत तेल घालून टाळतो. गेल्या वर्षी एकटीच नाशिकला जाऊन डोळे दाखवून आले; तोच वाळत चाललेला पडदा. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी कळलं असतं तरी हे थांबवायला हाताशी काही नव्हतं. म्हणजे माझ्या खोटेपणानं माझं काही बिघडलं नाही. नाना मात्र छत्तीस वर्षं निश्चिंत झोपले, ते एका भोकाच्या भरवशावर. हे पुण्य का पाप, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला रांगेनं पणत्या लावल्या होत्या. एकेक करून सगळ्या विझल्या. एक विझेना. डाव्या बाजूला, भिंतीच्या वरच्या अंगाला, हिरवट, हलणारी. मी तिच्याजवळ जाऊन फुंकर मारली, तरी ती हललीच फक्त. मग लक्षात आलं की त्या भिंतीवर पणती ठेवायला जागाच नाही.

मुक्ता म्हणते, तिकिटं आत्ताच काढू या. मी हो म्हणाले आहे. तिला बाकीचं सांगितलेलं नाही. दिवाळीत ती आली होती तेव्हा वीज गेली, आणि मी अंधारात बसून ऐकत राहिले, ती कशाला अडखळते का. ती अडखळली नाही. पण तिच्या हातात मोबाइल होता, त्याचा उजेड होता, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

गेल्या रविवारी चाळीसगावला जाऊन आले. आई गेल्यापासून नाना माझ्या धाकट्या, त्या हिवाळ्यानंतर झालेल्या, भावाकडे असतात. ओट्यावर कोवळ्या उन्हात बसले होते, चेहरा उन्हाकडे. मी सहलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. "म्हणजे कोणीतरी चाललं शेवटी! नीट बघून ये. आल्यावर सगळं सांगायचं." मला तेवढंच सांगून परत येता आलं असतं. गाडीला वेळ होता, भाऊ बाजारात गेला होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि बोलायला लागले. कंपासचं टोक, उन्हाची काडी, अंगठी, तीन-पाच-एक. मग नाशिक. मग पणती. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी बघत नाही हे त्यांना दिसणार नव्हतं, तरीही.

माझ्याशी नाना जन्मभर पुस्तकातली मराठी बोलले, पोरगी मास्तरीण व्हावी म्हणून. आता अहिराणीत, अक्काशी बोलायचे त्या आवाजात, म्हणाले, "कोनता डोयामां पहिले?"

"डाव्या."

"मना बी डावाच." मग त्यांचा हात माझा चेहरा शोधत आला, गालावर थांबला. "रंग कोनता शे?"

छत्तीस वर्षांत त्यांना हे विचारायला कोणी भेटलं नव्हतं.

"हिरवा, नाना," मी म्हणाले. "वरून खाली येतो. हलतो."

"आवाज नही ना?"

"नाही. काहीच आवाज नाही."

नानांनी मान हलवली. त्यांना जे चार माणसांत उभं राहून विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. मग ते रडले. त्यांचे डोळे तेवढ्यापुरते अजून चालतात.